घरी बांधत असलेलं विमान : टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचं पेट्रोल

उडाणटप्पू (डेटन, ओहायो)

मंडळी,

मागचा धागा पंखांच्या रिव्हेटिंगपाशी सोडला होता. "पेट्रोल कुठून कसं जातं तेवढं नीट लिही" अशी बऱ्याच जणांची फर्माईश होती. आता ते काम जवळजवळ उरकलंय, म्हणून लिहितो. शेवटी एक शंका आहे, तिच्यावर जाणकारांनी जरूर बोलावं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: विमान व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही-९ए किटचं. दोन माणसांचं, पंख खाली, पुढे नाकाखाली चाक. इंजिन लायकमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्ती, साधं कार्ब्युरेटरवालं. अमेरिकेत अशा विमानाला 'एक्सपेरिमेंटल' गटात परवाना मिळतो. मुख्य अट अशी, अर्ध्याहून जास्त काम हौसेने किंवा शिकण्यासाठी बांधणाऱ्यांनी स्वतः केलेलं हवं.

इंधनाचा रस्ता असा. दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेत एकेक टाकी, प्रत्येकी १८ गॅलन, म्हणजे साधारण ६८ लिटर. ही टाकी वेगळी आत बसवलेली नसते, पंखाचा पत्राच टाकीची भिंत असतो. तिथून नळी पंखाच्या मुळाशी बाहेर येते, विमानाच्या कुशीतून आत शिरते आणि दोन सीटच्या मधल्या सिलेक्टर कॉकला, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणाऱ्या तोटीला, मिळते. कॉकला डावी, उजवी, बंद अशा तीनच जागा. पुढे गाळणी, मग विजेवर चालणारा बूस्ट पंप, मग फायरवॉल (इंजिन आणि माणसं यांच्यामधली आगरोधक भिंत), पलीकडे इंजिनावरचा यांत्रिक पंप आणि शेवटी कार्ब्युरेटर. कागदावर काढलं तर शाळेच्या वहीचं अर्धं पान भरणार नाही. वेळ मात्र या अर्ध्या पानानेच सगळ्यात जास्त खाल्ला.

टाकी

टाकीचे सांधे ज्या लुकणाने बुजवतात त्याला सगळे 'प्रोसील' म्हणतात. पॉलिसल्फाइड जातीचं, दोन भागांचं. पांढरा भाग आणि काळा भाग, दहास एक. हे प्रमाण वजनाने आहे, चमच्याने नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा गॅरेजमध्ये आणला. तो आता परत घरात घेतला जाणार नाही असं मला स्पष्ट सांगण्यात आलं आहे. मिसळल्यावर साधारण दोन तास हाताशी असतात. या वेळात ते रिव्हेटवर, फटीत, हातमोज्यावर, दाराच्या कडीवर आणि कपाळावर लागतं. कपड्याला लागलं की तो कपडा कायमचा टाकीच्या कामाला.

प्रत्येक रिव्हेटचं आतलं डोकं लुकणाने पुरतं झाकायचं. प्रत्येक रिबच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळीच्या, कडेने बोट फिरवल्यासारखी गोलाई द्यायची, त्याला आइस्क्रीमची काडी उत्तम. मागची भिंत सगळ्यात शेवटी लागते आणि ती लागल्यावर आत डोळा जात नाही, हात तर नाहीच. टाकीच्या दोन्ही टोकांना खालचे-वरचे कोपरे असतात, तिथे तीन पत्रे एकत्र येतात. गळणारी टाकी बहुतेक वेळा तिथेच गळते. त्या कोपऱ्यांत मी लुकणाला कंजुषी केली नाही. वजन थोडं वाढलं असेल, वाढू दे.

चाचणीसाठी टाकीची सगळी तोंडं बंद करायची. एका तोंडाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, दुसऱ्याला पारदर्शक नळीचा यू आणि त्यात पाणी. हवा भरायची ती सायकलच्या पंपाने. कॉम्प्रेसर लावला तर टाकी फुगून बसेल. दाब हवा फक्त १ पीएसआय, म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांत साधारण ७० सेंटीमीटरचा फरक. काही जण पाण्याऐवजी फुगा लावतात. फुगा दिसायला झकास, पण गॅरेजवर ऊन आलं की फुगतो, ढग आला की मलूल होतो, आणि आपलं काळीज त्याच्याबरोबर वरखाली. पाण्याची पातळीही तापमानाने हलते, फक्त किती हलली ते मोजता येतं. मग साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या सांध्यांवर. माझ्या डाव्या टाकीत बुडबुडे आले ते झाकणाच्या ओ-रिंगपाशी. सांधे कोरडे होते.

नळ्या

नळी ५०५२-ओ जातीच्या मऊ अॅल्युमिनियमची, बाहेरून ३/८ इंच, भिंत ०.०३५ इंच. तिचं तोंड तुतारीसारखं उघडून फिटिंगच्या कोनावर बसवतात. हा कोन ३७ अंशांचा. मोटारीच्या दुकानात मिळणारं हत्यार ४५ अंशांचं. दोन्ही तोंडं दिसायला सारखी आणि जोडलं तर पकडही घेतल्यासारखी वाटते, म्हणून सांगून ठेवतो: ते चालत नाही.

कापायची ती चाकाच्या कटरने. आतली कड खरवडून काढायची आणि फुंकर मारून कीस बाहेर. आधी नट, मग बाही नळीवर चढवायची, मगच तोंड उघडायचं. हे लिहून भिंतीवर चिकटवा. तोंड उघडल्यावर भिंग घेऊन बघायचं. कड सगळीकडे सारखी रुंद हवी. बाहीच्या भोकापेक्षा मोठी, पण बाहीच्या बाहेर डोकावता कामा नये. आतल्या चकचकीत पृष्ठभागावर केसाएवढा ओरखडा किंवा कडेला चीर दिसली की तेवढा तुकडा कापून टाकायचा.

आणि एक, ज्याकडे नवखे दुर्लक्ष करतात. नळी दोन्ही टोकांना आपसूक बसली पाहिजे. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. थोडी कमी पडतेय, नट आवळला की येईल ओढून, असं केलं की त्या तोंडाला जन्मभराचा ताण बसला. मग इंजिनाची थरथर त्याला हळूहळू चिरते. पाना फक्त शेवटच्या आवळणीला. तोही दोन पान्यांनी, एक फिटिंग धरायला, एक नट फिरवायला. या मापाच्या अॅल्युमिनियम नळीला ७५ ते १२५ इंच-पौंड.

श्वास

टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. हवेची नळी टाकीच्या बाहेरच्या, म्हणजे उंच टोकाच्या वरच्या कोपऱ्यातून निघते. विमानात आल्यावर ती जमेल तेवढी वर नेऊन मग पोटाखाली सोडतात. वर नेली नाही तर भरलेली टाकी उतारावर स्वतःलाच उपसत बसते. पोटाखालचं तोंड ४५ अंशांत तिरकं कापलेलं, पुढे बघणारं, त्यावर पितळेची बारीक जाळी.

आता शंका. सिलेक्टर कॉक नकाशाप्रमाणे मधोमध, जमिनीलगत आहे. मला तिथे आर्मरेस्ट आणि खालचा छोटा कप्पा हवाय. कॉक डाव्या कुशीच्या भिंतीवर, मांडीच्या मागच्या बाजूला नेला तर? नळी थोडी लांबेल एवढंच. शिवाय धावपट्टीवरचा एक मित्र म्हणतो, 'दोन्ही' अशी चौथी जागा असलेला कॉक बसव, म्हणजे टाकी बदलायची कटकटच संपली. काय वाटतं?

---

खोडरबर

वाचनखूण साठवली. आमच्याकडे गिझरची नळी गळते तर प्लंबर तीन दिवस येत नाही आणि तू टाकी घरी बनवतोयस!

---

शेवंती

टप्पू, मस्त लिहिलंस. बाळबोध शंका. फिटिंगच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावता का? की आपल्या प्लंबरसारखं सफेदा आणि सुतळी? :)

---

उडाणटप्पू

@शेवंती, सुतळी वाचून दोन मिनिटं हसलो. पण प्रश्न बाळबोध नाही, इथेही लोक चुकतात. तुतारी तोंडाच्या जोडाला काहीच लावायचं नाही, धातूवर धातू बसतो तेच सील. निमुळत्या आट्यांच्या फिटिंगला, म्हणजे पंपाला, गाळणीला, कार्ब्युरेटरला, इंधनात न विरघळणारं खास ग्रीस लावतात. तेही पहिला आटा कोरडा सोडून. टेप नाहीच. आवळताना टेपची बारीक लडी कातरली जाते, आत पडते आणि वाहत जाऊन कार्ब्युरेटरच्या सुईवर अडकते.

---

निवृत्तनाना (डोंबिवली)

अरे टप्पू, नळ्यांचं काम नीट केलंयस. नट बोटांनी फिरला पाहिजे हे वाचून बरं वाटलं. आमच्या हँगरमध्ये नव्या पोराला पहिले दोन महिने हेच शिकवायचो.

आता कान उपटतो. कॉक मांडीच्या मागे न्यायचा विचार मनातून काढून टाक. गायक जॉन डेन्व्हर कसा गेला ठाऊक आहे ना? १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातलं माँटेरे. विमान लाँग-ईझी, बर्ट रुटानची रचना, कुणीतरी घरी बांधलेलं, यांनी नुकतंच विकत घेतलेलं. रुटानच्या नकाशात कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये आहे. बांधणाऱ्याला कॉकपिटमध्ये पेट्रोलची नळी नको होती, म्हणून त्याने कॉक नेला वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर. फिरवायचा तर पट्टा सांभाळत उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्यायचा. असं वळताना उजवा पाय आपोआप पेडल दाबतो. वर खुणा नाहीत. मूठ उजवीकडे केली की डावी टाकी चालू, खाली केली की उजवी! इंधन किती आहे ते दाखवणाऱ्या काचाही मागे. उड्डाणाआधी तिथल्या मेकॅनिकशी याच कॉकवर बोलणं झालं होतं. मुठीला पकड लावून लांबवून पाहिली, तरी हात पुरेना. काचा बघायला आरसा दिला होता त्याने. पेट्रोल मात्र भरून घेतलं नाही. थोड्याच वेळात विमान समुद्रात. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, एनटीएसबीच्या अहवालात कॉकच्या जागेचा, खुणा नसण्याचा आणि नव्या विमानाची पुरेशी सवय न केल्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

त्या बांधणाऱ्याचा हेतू वाईट होता का? अजिबात नाही. आग लागू नये म्हणूनच केलं. तुला तर फक्त कप्पा हवाय.

---

नटबोल्ट (ह्यूस्टन)

नानांना +१. मी आरव्ही-७ बांधलंय, त्यातही कॉक मधोमध. आपली कसोटी अशी. पट्टे घट्ट, डोळे समोर, डावा हात दांड्यावर. उजव्या हाताला न बघता कॉक सापडला पाहिजे आणि कुठे वळलाय ते बोटांना कळलं पाहिजे. मूठ ज्या टाकीकडे बोट दाखवते तीच टाकी चालू. आणि 'बंद'वर जायला आधी काहीतरी उचलावं किंवा दाबावं लागलं पाहिजे, म्हणजे घाईत तिथे जाणार नाही.

'दोन्ही'बद्दल तुझ्या मित्राला सांग की बाबा रे, ते वर पंख असलेल्यांना शोभतं. सेसना १७२ मध्ये टाक्या डोक्यावर, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येतं. एक टाकी आधी संपली तरी दुसरीचं येत राहतं. आपल्याकडे टाक्या इंजिनाच्या खालच्या पातळीला, पंप ओढून घेतो. दोन्ही नळ्या उघड्या ठेवल्या आणि एक टाकी रिकामी झाली की पंपाला पेट्रोल ओढण्यापेक्षा त्या टाकीतली हवा ओढणं सोपं. दुसऱ्या टाकीत अर्धं पेट्रोल असून इंजिन बंद! म्हणून खाली पंख असलेल्या पायपर चेरोकीलाही डावी-उजवीच असते. घड्याळ लावून अर्ध्या तासाने टाकी बदलायची. ती कटकट नव्हे, वैमानिकाचं कामच आहे.

---

उडाणटप्पू

नाना, नटबोल्ट, मुद्दा पोचला. कॉक नकाशातल्याच जागी राहील. कप्पा रद्द. 'दोन्ही' पण रद्द. मित्र उंच पंखवाला आहे हे आत्ता लक्षात आलं.

---

गंधकी (ठाणे)

रसायनवाली आहे म्हणून नाक खुपसते. प्रोसीलचा काळा भाग बहुतेक मँगनीज डायऑक्साइडचा असतो. तोच पॉलिसल्फाइडच्या साखळ्या एकमेकींना जोडतो, त्यामुळे प्रमाण चुकलं तर वर्षभरानेही चिकट राहील. थंडीत क्रिया मंदावते. साधारण १० अंशांनी तापमान उतरलं की वेळ दुप्पट धरा. ओहायोच्या हिवाळ्यात गॅरेज तापवल्याशिवाय हे करू नका, आणि दोन दिवसांत हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच दाबाची चाचणीही घेऊ नका.

जुन्या टाक्यांत आतून पातळ लेप ओतून घोळवायची पद्धत होती ना? त्याचं काय झालं?

---

नटबोल्ट

@गंधकी, स्लॉशिंग. आता कुणी करत नाही, करू नये. वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटतात आणि गाळणीवर जाऊन बसतात. गळती असेल तर मागच्या भिंतीला भोक पाडून, हात घालून, त्याच जागी लुकण लावायचं आणि वर झाकण रिव्हेट करायचं. वेळखाऊ आहे पण खात्रीचं.

टाकीच्या आतलं अजून एक. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचा नट टाकीच्या आत असतो. तो सैल झाला तर बाहेर थेंबही दिसत नाही. टाकी भरलेली असताना सगळं सुरळीत, पातळी त्या नटाच्या खाली गेली की पंप हवा ओढायला लागतो. मीटर म्हणतं बरंच पेट्रोल आहे, इंजिन म्हणतं नाही. त्या नटाला सेफ्टी वायर बांधली आहेस ना?

---

उडाणटप्पू

बांधली आहे. भिंत लावण्याआधी फोटोही काढून ठेवलाय, इन्स्पेक्टरने विचारलं तर दाखवायला.

---

पानवलकर

१८९५ साली चौपाटीवर तळपद्यांनी पाऱ्यावर चालणारं विमान उडवलं असं म्हणतात, तेव्हा हे सगळं कुठे होतं? आपल्या लोकांना आपल्याच इतिहासाची किंमत नाही.

---

खोडरबर

पाऱ्यावरच्या विमानाची गळती कशी तपासली असेल हा खरंच अभ्यासाचा विषय आहे. खिक्.

---

उडाणटप्पू

@पानवलकर, त्याचा वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडतो. इथे नळ्या चालू आहेत.

---

शेवंती

मराठी माणसाने घरी बांधलेलं विमान म्हटलं की कांदिवलीचे कॅप्टन अमोल यादव आठवतात. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान! २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात बीकेसीला ठेवलं होतं, आम्ही मुलांना घेऊन बघायला गेलो होतो. नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं आणि धुळ्याला हवेत गेलं ते २०२० मध्ये. तिथे परवानगीला एवढा वेळ आणि टप्पू तिकडे आर्मरेस्टचा विचार करतोय. :)

---

उडाणटप्पू

@शेवंती, टोला मान्य. इथे किट, नकाशे, शेजारच्या हँगरमध्ये तेच विमान बांधलेला माणूस आणि घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचा, ईएएचा तांत्रिक सल्लागार फुकटात येऊन काम बघून जातो. यादवांनी हे सगळं शून्यातून केलं. त्यांच्यापुढे आमची ही रेडीमेड हौस.

---

सांजवारा (पुणे)

मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला शिकलो. आमच्याकडे टाकीच नाही, म्हणून मी निवांत. :)

पण एक विचारतो. मोटारीचं पेट्रोल चालेल का यात? हलक्या विमानांच्या रोटॅक्स इंजिनवाले सर्रास वापरतात असं ऐकलंय.

---

गंधकी

@सांजवारा, रोटॅक्स ९१२ ला चालतं, त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलही चालतं. भारतात आता पंपावर मिळतं ते २० टक्केवालं. तिथेच गोची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. एका मर्यादेपर्यंत ते मिसळून राहतं, पण टाकी थंड झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. नेमका तळाशीच तर निकास. शिवाय जुन्या रबराच्या नळ्या आणि ओ-रिंगा फुगतात ते वेगळंच.

---

उडाणटप्पू

लायकमिंग इथेनॉलवाल्या इंधनाला मान्यता देत नाही, त्यामुळे माझ्यापुरता विषय संपला. निळं १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल. त्यात शिसं आहे आणि अमेरिकेत २०३० अखेरपर्यंत ते बंद करायचं ठरतंय. बिनशिशाची पर्यायी इंधनं येताहेत. ती माझ्या लुकणाशी आणि ओ-रिंगांशी कशी वागतात हे बघूनच भरीन.

मोटारीच्या पेट्रोलची दुसरी अडचण वाफेची. ते लवकर उकळतं. पंप ओढतो म्हणजे नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी तर उकळणं सोपं. म्हणूनच बूस्ट पंप फायरवॉलच्या अलीकडे, खाली, गार जागी ठेवलाय. तो ढकलतो, तेव्हा गरम इंजिनाच्या बाजूची नळी दाबाखाली राहते. उन्हात उतरून दहा मिनिटांत परत चालू करायचं असेल तर याचा फरक कळतो.

---

निवृत्तनाना

भारतात अव्हगॅस, म्हणजे हेच विमानाचं पेट्रोल, आधी बाहेरून यायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवते, ही चांगली गोष्ट झाली.

पाण्याचं बोललात म्हणून सांगतो. पावसाळ्यात सकाळी टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून काढलेल्या पेल्यात खाली पारदर्शक गोळा दिसायचाच. निळं वर, पाणी खाली. तेवढ्यावर थांबायचं नाही, निखळ निळं येईपर्यंत काढत राहायचं. आणि पूर्ण पेला रंगहीन दिसला तर आनंदाने 'स्वच्छ आहे' म्हणू नये. तो अख्खा पेला पाण्याचा असू शकतो, नाहीतर जेट इंधनाचा. वास घ्या, बोटावर चोळा. पेट्रोल उडून जातं, जेट इंधन तेलकट राहतं.

हवेच्या नळीला जाळी लावलीस ते उत्तम. पण विमान उभं असताना लाल फीत असलेलं बूचही लाव. आपल्याकडे कुंभारीण माशी एका दुपारीत त्या तोंडात मातीचं घर बांधते. तोंड बुजलं की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल येईनासं होतं, पत्र्याची टाकी आत दबलेली मी डोळ्यांनी बघितली आहे.

---

उडाणटप्पू

नाना, ओहायोतही तिची बहीण आहे, मड डॉबर म्हणतात. हँगरमध्ये उघडं भोक दिसलं की तिचं गृहकर्ज मंजूर. लाल फितीची बुचं आणली आहेत.

फायरवॉलच्या पुढचं राहिलं होतं. तिथून पुढे अॅल्युमिनियमची नळी नाही. वर आगरोधक बाही असलेल्या पोलादी वेणीच्या लवचिक नळ्या, आणि फायरवॉलमधून जाणारं फिटिंग पोलादाचं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. इंजिनाच्या बाजूला आग लागली तर आधी ते फिटिंग जाईल आणि मग आगीला पेट्रोलचा नळच सोडल्यासारखं होईल.

---

नटबोल्ट

प्रवाहाची चाचणी घेतलीस का? ती न घेता इंजिन चालू करू नकोस. एनटीएसबीने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांवर मोठा अभ्यास केला होता. इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं हीच दोन मोठी कारणं निघाली, आणि पहिल्या काही उड्डाणांत धोका सगळ्यात जास्त. परवान्याआधी इंधनव्यवस्थेची चाचणी करून तिचा लेखी अहवाल मागावा, अशी त्यांनी एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याला, शिफारस केली होती.

---

उडाणटप्पू

घेतली, या शनिवारी. सविस्तर लिहितो, कारण हे कुणालाही जमेल आणि याला फारसा खर्च नाही.

आधी हिशेब. पूर्ण ताकदीला १६० अश्वशक्ती, प्रत्येक अश्वशक्तीला तासाला ०.५५ पौंड पेट्रोल. झाले ८८ पौंड. गॅलनला ६ पौंड, म्हणजे १४.७ गॅलन तासाला. पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेने याच्या सव्वापट दिलं पाहिजे, नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्याने दीडपट. माझी सव्वापट म्हणजे १८.३ गॅलन, जवळपास ६९ लिटर. हिशेब सोपा करायचा तर एक गॅलनची बरणी ३ मिनिटं १६ सेकंदांच्या आत भरली पाहिजे.

विमान बाहेर काढलं, गॅरेजमध्ये नाही. अर्थिंगची तार विमानाला आणि बरणीला. अग्निशामक हाताशी, त्यावर नजर ठेवायला शेजारचा हँगरवाला. नाकाचं चाक फळ्यांवर चढवून विमान चढाईच्या कोनात आणलं, कारण उड्डाणानंतर लगेच, नाक वर आणि पूर्ण ताकद, तेव्हाच प्रवाह सगळ्यात जास्त लागतो आणि पेट्रोलला चढही सगळ्यात जास्त. टाकीत मुद्दाम थोडंच पेट्रोल. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून बरणीत, कार्ब्युरेटरच्या तोंडाच्याच उंचीवर. बरणी जमिनीवर ठेवली तर आकडा फसवा चांगला येतो. मग फक्त बूस्ट पंप चालू.

डाव्या टाकीने बरणी दोन मिनिटांच्या आत भरली, उजवीला थोडा जास्त वेळ लागला. दोन्ही ३:१६ च्या बऱ्याच आत. मग त्याच कोनात पंप हवा ओढेपर्यंत चालवला आणि टाकीत जे उरलं ते काढून मोजलं. ते पेट्रोल असून नसल्यासारखं, म्हणून टाकीच्या आकड्यातून वजा केलं आणि झाकणाशेजारच्या पट्टीवर वापरता येण्याजोगा आकडाच लिहिला.

नंतर गाळणी उघडली. पहिल्यांदा वाहिलेल्या पेट्रोलाबरोबर अॅल्युमिनियमचा कीस आणि लुकणाचे दोन काळे दाणे आले होते. धुऊन परत चाचणी, परत गाळणी. आता स्वच्छ आहे, पण इंजिन पहिल्यांदा चालवल्यावर पुन्हा उघडणार.

---

सांजवारा

जबरी. शेवटचा प्रश्न. मीटरवर भरवसा ठेवता येतो का? की ग्लायडरसारखं देवावर?

---

उडाणटप्पू

विमान सपाट ठेवून रिकाम्या टाकीत दोन-दोन गॅलन ओतत गेलो आणि प्रत्येक वेळी मीटरला सांगत गेलो की बाबा, हे एवढं. तरी एक गंमत राहतेच. पंख बाहेरच्या बाजूला वर उचललेले असतात आणि तरंगणारा फ्लोट मुळाशी. पातळी तिथल्या वरच्या पत्र्याला लागली की फ्लोट टेकतो, पण टाकीच्या बाहेरच्या टोकाला अजून जागा असते. त्यामुळे वरचे काही गॅलन भरले काय, न भरले काय, मीटर तोच आकडा दाखवतं. उड्डाणाच्या पहिल्या टप्प्यात काटा हलत नाही म्हणून खूश व्हायचं नाही. झाकण उघडून, खुणा केलेली काठी बुडवून बघायची, आणि हवेत गेल्यावर घड्याळ.

काठी लाकडाची आहे. खुणा विळीच्या पात्याने कोरल्या आहेत. शाईच्या केल्या होत्या त्या पेट्रोलने पहिल्याच वेळी धुऊन नेल्या.

---

निवृत्तनाना

डाव्या आणि उजव्या टाकीची काठी वेगळी कर. आकार सारखा दिसला तरी जमीन सपाट नसते.